धनाचं शहर

दहाव्याला रामकुंडावर कावळा शिवेना.

पिंड मांडून झाले, आम्ही सगळे हात जोडून मागे सरलो, तरी कावळे समोरच्या पत्र्यावर ओळीने बसून राहिले. एरवी तिथले कावळे इतके सरावलेले, की गुरुजींचा हात मागे जायच्या आत झडप घालतात. त्या दिवशी माना वाकड्या करून नुसते बघत होते. ह्यांच्या अंगावरचं ओलं धोतर अंगावरच वाळून गेलं.

"त्याचं काहीतरी मागे राहिलंय," गुरुजी म्हणाले. "बोला. शब्द द्या त्याला."

माझे चुलत दीर गोटीराम पुढे झाले. "धना, सायलीच्या लग्नाची काळजी करू नको. थाटात करू." कावळे जागचे हलले नाहीत. "मळ्याकडं मी बघीन." तरी नाही. सायली रडत रडत म्हणाली, "दादा, आईबाबांना मी सांभाळीन." मीही बोलले. देवाचा दिवा विझू देणार नाही म्हणाले, त्याच्या आवडीचं पुरण दर वर्षी करीन म्हणाले. शेजारच्या घाटावरचे लोक उरकून निघाले. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "दर्भाचा कावळा करा आता. किती वेळ थांबायचं?"

तेव्हा हे उठले. धनाला आणल्यापासून ह्यांच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. पिंडांच्या अगदी जवळ जाऊन उकिडवे बसले आणि घरात बोलावं तसं बोलले, "धना, तुझं शहर बघायला येतो आम्ही. मी आन् तुझी आई. तू दाखवलंस ते सगळं बघू."

पत्र्यावरून एक कावळा उतरला आणि मधला पिंड फोडून गेला.

बायका मोठ्याने रडल्या. मला रडू आलं नाही. मनात एकच आलं, की आता हा शब्द पाळायचा. व्रत घेतलं की त्याला दुसरी वाट नसते.

धना इटलीत होता. व्हेरोना नावाच्या शहरात. आमचा मळा मखमलाबादेत, नाशिकला लागून. पालक, मेथी, कोथिंबीर, सणासुदीला झेंडू आणि शेवंती. धनाने गंगापूरकडच्या एका वाइन कंपनीत काही दिवस काम केलं होतं, तिथून त्याच्या डोक्यात हे शिरलं. एका एजंटने सांगितलं, व्हेरोनाच्या भोवती द्राक्षंच द्राक्षं, वाइनचे मोठे कारखाने, जमिनीखाली गारेगार तळघरं, तिथे पिंपांची देखरेख करायची. धना गेला. जाताना मी सप्तशृंगीच्या गडावरून आणलेला लाल दोरा त्याच्या मनगटाला बांधला.

दर रविवारी आपल्याकडे उन्हं उतरली की त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. हे आधीपासूनच फोन पुसून ओट्यावर बसलेले असायचे. धना शहर दाखवायचा. एक भलंमोठं गोल दगडी मैदान, कमानीवर कमानी. "बाबा, दोन हजार वर्षं झाली ह्याला." एक दगडी पूल, अर्धा पांढरा, अर्धा विटांचा. आणि बाजारचौकातलं कारंजं, त्यावर मुकुट घातलेली बाईची मूर्ती. "आई, ही बघ, इथली गोदामाई." मी फोनमधल्या मूर्तीला हात जोडायचे, तो हसायचा.

अंगात कायम एक निळं जाकीट. आमच्याकडे वैशाख असला तरी तेच. "अरे, उकडत नाही का तिकडं?" मी विचारायचे. "तळघरातनं सरळ आलोय ना, आई. आत लय गार असतं." एकदा जाकिटाच्या चेनचा हूक तुटलेला दिसला. मी म्हटलं, दोरा बांध त्याला, ओढायला बरं. पुढच्या रविवारी बघते तर त्याने मनगटावरचा गडाचा लाल दोरा सोडून चेनला बांधलेला. मला बरं वाटलं नाही. पण म्हटलं, छातीपाशी आहे, असू दे.

ह्यांनी आयुष्यात तुळजापूरच्या पलीकडचं काही पाहिलं नाही. पण व्हेरोना त्यांना गल्लीबोळासकट पाठ झालं होतं. मार्केटात भाजी उतरवताना सांगायचे, "आमच्या धनाच्या गावात कारंज्याचं पाणी तोंड लावून प्यायचं, एवढं चोख."

जुलैत त्याच्याबरोबर राहणाऱ्या हरजीत नावाच्या मुलाचा फोन आला. हृदय बंद पडलं, म्हणाला. पेटी आली. अमरधामात झाकण उघडलं तेव्हा तोंड बघायला मिळालं. दोन्ही हात पांढऱ्या कापडात गुंडाळलेले होते. मी म्हटलं, तिकडची रीत असेल.

वर्षश्राद्धाच्या आत जायचं ठरलं. कागदपत्रं, तिकिटं, सगळं सायलीने केलं. मार्चमध्ये निघालो. निघायच्या आदल्या दिवशी शेजारची शुभांगी आली. वत्सलाबाईंची सून, लग्नाला दोन वर्षंही झाली नव्हती. तिच्या नवऱ्याचं, ओमचं, त्याच एजंटाकडून तिकडेच जायचं चाललं होतं.

"काकू, सगळं नीट बघून या हं. आल्यावर मला सांगा, कसंय तिथं. माझ्या वाटचा त्या गोदामाईच्या पाण्यात हात बुडवा."

"बुडवीन," मी म्हणाले.

बरोबर बाळकृष्ण घेतला, तुळशीची वाळलेली पानं घेतली, दशम्या घेतल्या. माझा नेम साधा आहे. पहाटे स्नान, स्तोत्र, आणि दुपारी जेवायच्या आधी कावळ्याला घास. घास ठेवल्याशिवाय अन्नाला हात लावायचा नाही. सासूबाईंचं हे व्रत, त्यांच्यामागे माझ्याकडे आलं. धना गेल्यापासून तो घास मी त्याच्या नावाने ठेवते.

हरजीत स्टेशनवर आला होता. उंच, वाळका मुलगा, अंगात विटलेला स्वेटर. वाकून पाया पडला आणि माझ्या हातातली पिशवी घेतली. दुसरा दिवस रविवारचा. सकाळीच तो आम्हाला न्यायला लॉजवर आला.

शहर देखणं आहे, खोटं का बोलू. चर्चच्या घंटा वाजत होत्या, मी तिथूनच हात जोडले. रस्त्यांना गुलाबी दगडाची फरशी, पाय घसरेल इतकी गुळगुळीत. चालता चालता माझं लक्ष खाली गेलं आणि पाऊल अडलं. फरशीत चक्र होतं. चांगलं वीतभर, आत आत वळत गेलेलं, आपल्या शाळिग्रामावर असतं तसं. दोन पावलांवर दुसरं.

"अहो, शाळिग्राम आहे हो इथं."

"कुठं?"

"सगळीकडे. पाय कुठं ठेवू?"

हरजीत म्हणाला, "मांजी, ये तो पुराने शंख हैं. पत्थर में ऐसे ही निकलते हैं. सब चलते हैं ऊपर से."

सगळे चालत होते, खरं. मला जमेना. मी खाली बघत, चक्रं चुकवत चालले. त्यामुळे वरच्या इमारती मला फारशा दिसल्याच नाहीत. दिसत होते ते हरजीतचे बूट. टाचेला चिखल वाळलेला, आणि नाडीत काळ्या प्लॅस्टिकच्या कागदाची चिंधी अडकलेली. आमच्याकडे वाफ्यावर अंथरतात तो मल्चिंगचा कागद. मी शेतकऱ्याची बायको आहे, मला तो सांगावा लागत नाही. मनात आलं, पिंपांच्या तळघरात हा कागद कशाला? पण विचारलं नाही.

ह्यांचं भान हरपलं होतं. "ती बघ कमान. इथंच उभा राहिला होता तो. मागं हाच खांब होता." हे त्या खांबापाशी जाऊन उभे राहायचे, अगदी तसेच, एक खांदा खाली करून, आणि हरजीतकडून फोटो काढून घ्यायचे. गोल मैदानापाशी आलो तेव्हा मी विचारलं, "आत काय आहे?"

"पता नहीं मांजी."

"तू गेला नाहीस आत?"

"नहीं."

"आणि धना?"

हरजीत दुसरीकडे बघायला लागला. "टाइम नहीं होता था."

पूल पाहिला. मोठ्या लढाईत हा उडवला होता, मग लोकांनी नदीतून दगड शोधून काढून पुन्हा उभा केला, असं हरजीतने सांगितलं. खालून हिरवट पाणी जोरात चाललं होतं. मग बाजारचौक. मी अजून खालीच बघत होते. "आली बघ तुझी गोदामाई," हे म्हणाले, म्हणून मान वर केली.

कारंज्यापाशी धना उभा होता.

पाठ आमच्याकडे. निळं जाकीट, खांदा किंचित खाली, हात लांब करून धरलेला फोन. माझ्या तोंडून हाक निघाली की नाही, मला आठवत नाही. ह्यांनी माझा दंड घट्ट धरला, म्हणजे त्यांनाही दिसलं होतं.

तो वळला. दुसराच मुलगा. सावळा, मिशी फुटलेली, फोनवर हसून बोलत होता, त्याच्या भाषेत, बहुधा आईशीच. मागची मूर्ती दाखवत होता. चेनला लाल दोरा होता, विटून गुलाबी झालेला.

बोलणं संपलं. फोन खिशात टाकताच त्याच्या तोंडावरचं हसू गेलं. त्याने जाकीट काढलं. आत फाटका बनियन. बाजूला दोन मुलं उभी होती, त्यातल्या एकाला त्याने जाकीट दिलं. त्या मुलाने ते चढवलं, केस ओले करून बसवले, लाल दोऱ्याने चेन वर ओढली आणि मूर्तीकडे पाठ करून फोन लावला. लगेच हसायला लागला.

"हे जाकीट धनाचं आहे," मी म्हणाले.

हरजीतची मान खाली. "नहीं मांजी. सबका है."

तिथल्या पायरीवर बसून त्याने सांगितलं. मीच त्याला बसवलं. वाइनचा कारखाना नव्हता. तळघर नव्हतं. शहरापासून बसने तासाभरावर सपाट रान आहे, तिथे पॉलीहाऊस. स्ट्रॉबेरी, खरबूज, पालेभाजी. म्हणजे माझा मुलगा घरची मेथी-पालक सोडून परक्याची पालेभाजी कापायला गेला होता. सहाजण एका कंटेनरमध्ये राहायचे. रविवारी सुट्टी, तेव्हा बस पकडून कारंज्यापाशी यायचं, जाकीट घालायचं, घरी फोन करायचा. जाकीट कुणीतरी आधी ठेवून गेला होता. घरच्यांना फोनवर आपापला मुलगा सुखी दिसला पाहिजे, म्हणून ते सगळ्यांचं.

"गर्मी में भी?" मी विचारलं.

"गर्मी में भी. घर पे तहखाना बोला था ना सबने."

मी त्याचे हात हातात घेतले. तळव्यांना भेगा, नखं पिवळी पडलेली, बोटांच्या पेरांवरचं कातडं सोलून लाल झालेलं. फवारणीचं औषध. हातमोजे देतात, पण ते घालून हात चालत नाहीत आणि हात चालले नाहीत तर मुकादम घरी पाठवतो. मुकादम कोण? आपल्याच देशातला एक. मला अमरधामातलं ते पांढरं कापड आठवलं. दोन वर्षांत फोनवर मी धनाचं तोंड पाहिलं, जाकीट पाहिलं, मूर्ती पाहिली. हात कधी पाहिले नाहीत. बघायचं सुचलंच नाही.

हे सगळं ऐकत होते. ऐकून झाल्यावर उठले, कारंज्यापाशी गेले, पाण्यात हात बुडवून डोळ्यांना लावला. परत येऊन म्हणाले, "दिसली गोदामाई. शब्द पुरा झाला. चल लॉजवर."

"मला त्याची खोली बघायची आहे."

"खोली कशाला?"

"त्याचं शहर बघू म्हणालात ना तुम्ही? तो तिथं राहत होता."

"तू दाखवलंस ते बघू म्हणलो मी. हे त्यानं दाखवलंय का? नाय दाखवलं. त्याला दाखवायचं नव्हतं, मग आपण कशाला उकरायचं?"

आयुष्यभर मी ह्यांच्यापुढे आवाज चढवला नाही. तेव्हाही चढवला नाही. "तुम्ही बसा इथं," म्हणाले. "मी जाऊन येते."

"जा. मी नाय येणार." ते मूर्तीकडे तोंड करून बाकावर बसले.

हरजीतबरोबर बस पकडली. शहर संपलं तशी घरं विरळ झाली, मग नुसतं सपाट रान आणि त्यात प्लॅस्टिकची पांढरी बोगद्यांसारखी पॉलीहाऊसं, नजर पोचेल तिथवर. रविवार म्हणून मुकादम नव्हता. कंटेनर बघितला. एकावर एक लोखंडी पलंग, कोपऱ्यात गॅसची शेगडी, छताला पाणी धरलेलं. धनाच्या पलंगावर आता दुसऱ्याचं अंथरूण होतं. डोक्याकडच्या पत्र्यावर गणपतीचं छोटं चित्र चिकटवलेलं, ते तसंच ठेवलं होतं. मी त्याला नमस्कार केला. आमच्याच कॅलेंडरावरचं होतं, मी कापून दिलेलं.

पॉलीहाऊसमध्ये शिरले. मार्चच होता, बाहेर मला शाल लागत होती, आणि आत कपाळावर घाम फुटला.

"जुलैत कसं असतं?"

"खड़ा नहीं हुआ जाता, मांजी," हरजीत म्हणाला.

बस थांब्यावर परत आलो. पत्र्याची शेड, सिमेंटचं बाकडं. मी बसायला गेले तर हरजीत म्हणाला, "मांजी, वहाँ मत बैठो," आणि मग त्याला आवरलं नाही. उभ्या उभ्या रडायला लागला.

त्या दिवशी दुपारी धनाला आत उलट्या झाल्या. वाफ्यातच आडवा पडला. अंग तापलेलं, घाम थांबलेला, काहीबाही बोलायला लागलेला. हरजीतने मुकादमाला बोलावलं. मुकादमाने त्याला गाडीत घातलं, दवाखान्यात नेतो म्हणाला. नेलं नाही. ह्या बाकड्यावर आणून ठेवलं आणि गेला. शेतात सापडला असता तर कागदपत्रं बघायला माणसं आली असती, आणि कागदांवर धना नव्हताच. संध्याकाळी सुटी झाल्यावर बाहेर राहणारी मुलं बस पकडायला आली तेव्हा तो बाकड्यावरच होता.

"मैं अंदर था मांजी. मैंने सोचा, दवाखाने में होगा. मैं स्ट्रॉबेरी के पौधे उखाड़ रहा था."

"काय बोलत होता तो?" मी विचारलं. "काहीबाही बोलत होता म्हणालास."

"आपकी बोली में. समझा नहीं. 'आई' समझा."

मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग त्या बाकड्यावर बसले. सिमेंट गार होतं. तोवर मी घास ठेवला नव्हता आणि जेवलेही नव्हते. पिशवीतली दशमी काढली, तुकडा मोडला, वर तुळशीचं पान ठेवलं आणि तो बाकड्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवला. शहरात कबुतरंच दिसली होती. इथे मात्र समोरच्या पॉलीहाऊसच्या कमानीवर एक पक्षी बसला होता. अंग राखाडी, डोकं आणि पंख काळे, अंगात बंडी घातल्यासारखा.

"कौआ ही है," हरजीत म्हणाला. "यहाँ का."

तो बघत होता. मान वाकडी करून, रामकुंडावर बघत होते तसा.

"धना, बघितलं रे मी," मी म्हणाले. "खोली बघितली. पॉलीहाऊस बघितलं. हे बाकडं बघितलं."

तो हलला नाही. दुरून बस येताना दिसायला लागली. मला शुभांगी आठवली. कसंय तिथं, सांगा म्हणाली होती. आणि जाकीट चढवून लगेच हसायला लागलेला तो मुलगा आठवला.

"सांगीन," मी म्हणाले. "होतं तसं सांगीन सगळ्यांना."

कावळा उतरला, दशमीचा तुकडा उचलला आणि गेला. हरजीत म्हणाला, हे कावळे रोजच येतात, आमच्या भाकरीच्या तुकड्यांवर टपलेले असतात. असेल. मी शब्द दिला होता, आणि तो उचलून नेला होता. मला एवढं पुरेसं होतं.

शहरात परतले तेव्हा हे अजून कारंज्यापाशीच बसलेले होते. मी जवळ बसून सांगायला लागले, तसा त्यांनी हात वर केला.

"नको. मला त्या बाकड्यावरचा धना नको दाखवू. माझा इथं हाय, कारंज्यापाशी. इथंच राहू दे त्याला."

ह्यांच्यापुढे तो विषय मी पुन्हा काढला नाही. पण माझा शब्द ह्यांना दिलेला नव्हता.

परत आलो त्या संध्याकाळीच ओट्यावर माणसं जमली. ह्यांनी फोटो काढून दाखवायला सुरुवात केली. ही कमान, हा पूल, ही फरशी, घसरतो माणूस इतकी गुळगुळीत. शुभांगी माझ्या शेजारी बसली होती. वत्सलाबाई चहा घेऊन आल्या. ओमचा व्हिसा आला होता, पेढे तिथेच ठेवलेले. ओम ह्यांच्या खांद्यावरून वाकून फोटो बघत होता.

"काकू, हात बुडवला का?" शुभांगीने विचारलं.

"नाही गं," मी म्हणाले. आणि सांगितलं. जाकिटाचं सांगितलं, कंटेनरचं, हातांचं, बाकड्याचं. हळूच सांगितलं, माझा आवाजच तेवढा आहे. पण ओटा चिडीचूप झाला, त्यामुळे शेवटच्या पायरीवरच्यालाही ऐकू गेलं.

आधी वत्सलाबाई बोलल्या. "नवसाबाई, तुझं दुःख मी जाणते बाई. पण दारातनं निघणाऱ्याच्या पुढ्यात असं बोलू नये. आपला गेला म्हणून दुसऱ्याचाही जावा असं का?"

"असं कसं म्हणीन मी, वत्सलाबाई? जाऊ नये म्हणूनच सांगतेय."

"काकू, माझं काम वेगळं हाय," ओम म्हणाला. "माझं पॅकिंगचं हाय. एसीत. एजंटनं फोटो दाखवलाय."

"धनालाही तळघराचा फोटो दाखवला होता."

ओमने ह्यांच्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. ह्यांचा अंगठा अजून फोनवर होता, कारंज्याच्या फोटोवर. मला वाटलं, आता बोलतील. पायरीवर बसून हरजीतचं सगळं ह्यांनीही ऐकलं होतं.

"तिच्या मनावर झालंय," हे म्हणाले. "मी होतो की तिथं. शहर लय देखणं हाय."

शुभांगी उठून गेली. वत्सलाबाईंनी पेढ्यांचा खोका उचलला, मला पेढा न देता.

ओम एप्रिलमध्ये गेला. मी त्याच्या दारात गेले नाही, मला बोलावलंही नाही. माझ्या देवघरातूनच हात जोडले. दुपारी घास ठेवायला गच्चीवर जायचे तेव्हा शुभांगी तिच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना दिसायची. मान फिरवायची. मी रोज घास ठेवत होते, रोज कावळा नेत होता, आणि रोज मला वाटायचं, हा उष्टं नेतोय. शब्द तसाच बाकी आहे.

जूनच्या एका रविवारी शुभांगी धावत आमच्या ओट्यावर आली. राग विसरली होती, पोर तशी मनाची मोकळी. फोन तिच्या हातात.

"काकू, बघा ना! तुम्ही उगाच घाबरवलंत मला. बघा कसे दिसतात. ते बघा, मागं तुमची गोदामाई!"

हे आतून चष्मा पुसत बाहेर आले आणि फोनवर वाकले. "आली बघ," म्हणाले. "हीच ती. डाव्या बाजूला ये थोडा, ओम. हा. तिथंच उभा राहायचा आमचा धना."

मीही वाकले. ओम हसत होता. केस ओले करून बसवलेले. कपाळावरून घामाची धार कानापाशी उतरत होती आणि अंगात गळ्यापर्यंत चेन ओढलेलं निळं जाकीट होतं. चेनला दोरा होता, आता पांढराच पडलेला.

"जाकीट किती छान दिसतंय ना?" शुभांगी म्हणाली. "एसीत लय गार वाजतं म्हणे."

"ओम," मी म्हणाले.

"बोला काकू! कशा हायेत?"

"बरी आहे. ओम, बाळा, हात दाखव तुझे."

तो हसतच राहिला. हसू तोंडावर तसंच होतं, डोळे तेवढे बाजूला गेले, जिथे जाकिटाची वाट बघत दुसरा कुणी उभा असणार.

"हात काय काकू, हे बघा, मूर्ती बघा," म्हणाला, आणि फोन फिरवला. मुकुट दिसला, पाणी दिसलं, गुलाबी फरशी दिसली.

"हात दाखव, ओम."

"काकू, नेटवर्क..." असं काहीतरी म्हणाला.

हे अजून वाकलेलेच होते, फोनच्या काचेला नाक लागेल इतके जवळ. "पाणी बघ," ते शुभांगीला सांगत होते, "तोंड लावून प्यायचं. एवढं चोख."